जिन्यातली वाळूची बादली

प्रिय मुली,

तुझं पत्र काल रात्री वाचलं, आज सकाळी पुन्हा वाचलं. प्रशासनाचं काम हातात येऊन तुला तीन महिनेही झाले नाहीत. इमारत धूम्रपानमुक्त करायची म्हणून फाईल तुझ्या टेबलावर आली आणि पाठोपाठ वरून निरोप आला, की दुसऱ्या मजल्यावरच्या स्टोअररूमची ‘स्मोकिंग रूम’ करून टाक, म्हणजे कोणीच नाराज होणार नाही. ती खोली कशी करायची, हे तू विचारलंस. आणि अगदी शेवटच्या ओळीत, जरा चाचरत, दुसरा प्रश्न टाकलास: ‘मोठ्या माणसांना सिगारेट ओढू नका म्हणणारी मी कोण?’

मी दुसरा प्रश्न आधी घेतो. तो सुटल्याशिवाय पहिल्याचं उत्तर तुझ्या गळी उतरणार नाही.

अगं, तू कोणालाही सिगारेट सोडायला सांगत नाहीयेस. बंदी जागेला असते, माणसाला नसते. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचं, ज्याला सगळे ‘कोटपा’ म्हणतात, कलम ४ काढून वाच. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करायचं नाही, एवढंच ते म्हणतं. कोणी स्वतःच्या शेताच्या बांधावर बसून विडी पेटवली, तर त्या कलमाचं काही म्हणणं नाही. त्याआधी २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईचे राजकीय नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर आदेश दिला, तेव्हाही मुद्दा ओढणाऱ्याच्या सवयीचा नव्हता. जो ओढत नाही, त्याला केवळ त्या ठिकाणी यावं लागतं म्हणून दुसऱ्याचा धूर का घ्यावा लागावा, हा होता. संविधानाच्या अनुच्छेद २१ चा, जगण्याच्या हक्काचा आधार त्याला होता. आयर्लंडने २९ मार्च २००४ पासून पबमध्येसुद्धा धूम्रपान बंद केलं, तेही तिथे ग्लास उचलणाऱ्या कामगारांच्या आरोग्यासाठी.

आता तुमच्याच इमारतीत बघ. ज्याला तलफ आली, तो उठून गेटबाहेर जाऊ शकतो. रिसेप्शनवरच्या मुलीला आठ तास खुर्ची सोडता येत नाही. जिना झाडणाऱ्या मावशींना तर धूर असेल तिथेच जावं लागतं. या तिघांपैकी कोणाच्या स्वातंत्र्याची काळजी तू आधी करायची, ते तुला मी सांगायला नको.

आता खोली. करायची नाही.

पहिलं कारण सरळ आहे: तुम्हाला ती करताच येत नाही. कायद्याने वेगळ्या धूम्रपान क्षेत्राची सवलत तिघांनाच दिली आहे. तीस किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, तीस किंवा जास्त माणसांच्या आसनव्यवस्थेचं उपाहारगृह, आणि विमानतळ. खासगी कार्यालय त्यात नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी कामाची जागा सार्वजनिक ठिकाणात स्पष्ट शब्दांत धरली आहे. ‘आमची खासगी कंपनी आहे, इथे बाहेरचं कोण येतं’ हे तुला हमखास ऐकवलं जाईल. त्याला हे उत्तर दे आणि पुढे वाद घालू नकोस.

दुसरं कारण हवेचं आहे, आणि माझा सगळा हट्ट इथे आहे. ज्यांना सवलत आहे, त्यांच्याही खोलीला नियमांत अटी आहेत: चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप बंद होणारं आणि एरवी बंदच असणारं दार, आतली हवा इतर हवेत न मिसळता थेट बाहेर सोडणारी यंत्रणा, आणि बाकीच्या इमारतीपेक्षा खोलीत कमी हवेचा दाब. खोली प्रवेशाच्या किंवा बाहेर पडण्याच्या दाराशी नको, आणि आत चहा-नाश्त्याची सेवा द्यायची नाही. कागदावर हे चोख वाटतं. प्रत्यक्षात काय होतं, ते एकेक करून बघ.

भिंत स्लॅबपर्यंत जात नाही, फॉल्स सीलिंगपर्यंत जाते. ठेकेदार तिथेच थांबतो, कारण वरचं कोणाला दिसत नाही. बऱ्याच कार्यालयांत सीलिंगवरची ती पोकळीच एसीच्या परतीच्या हवेचा रस्ता असते. म्हणजे धूर वर गेला की अख्ख्या मजल्याच्या जाळ्यांतून खाली येणार. दाराचं म्हणशील, तर उघडतं तेव्हा दार पंख्यासारखं काम करतं. प्रत्येक वेळी आतली थोडी हवा बाहेर ढकलतं, आणि माणूस बाहेर पडताना पाठीमागे आणखी थोडी ओढत नेतो. वर्दळ वाढली की कोणीतरी डोअर क्लोजरचा दांडा काढून ठेवतं किंवा खाली लाकडाची पाचर मारतं. मग दाब कमी ठेवायचा म्हणून लावलेला एक्झॉस्ट. आत यायला हवेला मोजकी वाटच ठेवलेली नसेल, तर तो नुसता आवाज करतो. जाळीवर चिकट पिवळा थर बसला की आणखी मंद होतो. आणि संध्याकाळी वीज वाचवायची म्हणून वॉचमन तो बंद करतो, तेव्हा खोली दिवसभराचा साठा परत करायला लागते.

तपासायची सोपी रीत सांगतो, पुढे कुठेही उपयोगी पडेल. दार लाव, बाहेरून खालच्या फटीशी पेटलेली उदबत्ती धर. धूर आत ओढला जात असेल तर आत दाब कमी आहे. धूर सरळ वर गेला किंवा तुझ्याकडे आला, तर ती खोली नाही, तो धूर वाटण्याचा डबा आहे. एक्झॉस्ट चालू ठेवून बघ, दोन माणसं ये-जा करत असताना बघ.

‘मग एअर प्युरिफायर लावू, चांगला एसी लावू,’ असं म्हणणारा कोणीतरी भेटेलच. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. त्याची जाळी धागे आणि धूळ अडवते. सिगारेटच्या धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. हेपा गाळणी कण पकडते, पण कार्बन मोनॉक्साइड आणि बाकीचे वायू तिच्यातून सरळ जातात. प्युरिफायरमधला कोळशाचा थर काही वायू धरतो, पण लवकर भरतो, आणि तो बदलायची तारीख कोणी लिहून ठेवत नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्य प्रमुखाच्या, २००६ च्या अहवालात हे स्वच्छ लिहिलं आहे: दुसऱ्याच्या धुराचं कोणतंही प्रमाण निर्धोक नाही, आणि खोल्या वेगळ्या करून, हवा गाळून किंवा खेळती ठेवून तो पुरता काढता येत नाही.

धूर बाहेर का सांडतो, याचंही कारण लक्षात ठेव. एका सिगारेटला दहा-बारा झुरके, प्रत्येक साधारण दोन सेकंदांचा. उरलेली काही मिनिटं टोक नुसतं जळत असतं. झुरका घेताना टोकाचं तापमान नऊशे अंशांच्या आसपास जातं, एरवी सहाशेच्या आसपास राहतं. कमी तापमानाला जळणं अर्धवट होतं, म्हणून बोटांमधल्या सिगारेटचा धूर उलट जास्त दूषित असतो. शेजारच्याच्या वाट्याला मुख्यतः तोच येतो, कसल्याही फिल्टरशिवाय.

म्हणून मी स्मोकिंग रूमला विरोध करतो, आणि करत राहणार. मला लोक एककल्ली म्हणतात. म्हणू देत. बंदी जागेला आहे हे एकदा मान्य केलं, की जागेतला एक कोपरा सोडता येत नाही, कारण त्या कोपऱ्याची हवा कोपऱ्यात राहत नाही.

आता तुमच्या जिन्याकडे ये. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर लाल रंगाची वाळूची बादली आहे, असं तू लिहिलंस. वाळूत थोटकं उभी खोचलेली, मध्येच काड्या, एक चुरगळलेलं पाकीट, आणि चहाचा कागदी कप. त्या बादलीने मला तुझ्या इमारतीबद्दल तुझ्या चार पानांपेक्षा जास्त सांगितलं. ती आगीसाठी ठेवलेली बादली आहे. चहाने भिजून गोळा झालेली वाळू आगीवर पसरत नाही. आणि तिथे बादली आहे, म्हणजे इमारतच सांगते आहे की इथे ओढा. २००८ च्या नियमांतल्या नियम ३ मध्ये हेच लिहिलं आहे: सार्वजनिक ठिकाणी ॲशट्रे, काडेपेटी, लायटर किंवा धूम्रपानाला सोय करून देणारी कोणतीही वस्तू पुरवायची नाही. माणसाशी बोलण्याआधी ती बादली हलव. वाळू बदल, झाकणाची बादली आण, आणि ती वळणावर न ठेवता मजल्याच्या दाराजवळ, लोकांच्या नजरेसमोर ठेव.

त्याच जिन्याचं दार विटेने अडवून उघडं ठेवतात, हेही तू लिहिलंस. हे मला रात्रभर खटकत राहिलं. ते आगीचं दार आहे. बंद राहणं एवढंच त्याचं काम. जिना म्हणजे उभं धुराडं. भिंती तापल्या की हवा वर चढते आणि खालच्या वळणावरचा धूर वरच्या प्रत्येक उघड्या दारातून आत घुसतो. उद्या खरी आग लागली तर तीच हवा तोच रस्ता घेईल. वीट आजच्या आज उचल, डोअर क्लोजर दुरुस्त करून घे.

गच्चीचं विचारलंस. कायद्यात ‘उघडी जागा’ वगळली आहे, पण लोकांचा वावर असलेली उघडी ठिकाणं, म्हणजे स्टेडियम, रेल्वे स्थानक, बसथांबा, ही २००८ च्या नियमांनी परत आत घेतली आहेत. तुमच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आहेत, एसीची युनिटं आहेत, जिन्याचं तोंड आहे. तिथे ओढू दिलंस की लोक पेटवलेली सिगारेट घेऊन जिन्यातून वर जातील आणि संपवत खाली येतील. गच्ची नको. आवाराच्या आत पण इमारतीपासून दूर, जिथे वर खिडकी नाही आणि ताजी हवा आत घेणारी जाळी जवळ नाही, अशी जागा बघ. अंतराचा आकडा कायद्यात नाही. मी निदान दहा मीटर धरतो. मुख्य दाराशी कधीच नाही, नाहीतर आत येणारा प्रत्येक जण धुरातून येईल. आणि गेटबाहेरच्या टपरीवर उभ्या माणसाच्या मागे लागू नकोस. रस्त्यावर तुझं काम नाही. तिथे जाऊन तू उपदेश केलास, तर आतल्या जागेबद्दलचं तुझं म्हणणंही लोक ऐकेनासे होतील.

फलकाचं काम लोक सर्वांत वाईट करतात. ए-४ कागदावर प्रिंट काढून प्लॅस्टिकमध्ये घालून सेलोटेपने चिकटवलेला कागद म्हणजे फलक नव्हे. कमीत कमी ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. त्यावर निदान १५ सेंटिमीटर बाह्य व्यासाचं वर्तुळ, त्याची लाल कड ३ सेंटिमीटर रुंद, आत काळा धूर सोडणारी सिगारेट किंवा विडी आणि तिला छेदून जाणारा, कडेएवढ्याच रुंदीचा लाल पट्टा. खाली मजकूर: ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र – येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे’. प्रत्येक प्रवेशद्वाराशी एक, प्रत्येक मजल्यावर, जिन्यात आणि लिफ्टच्या दाराशी. लिफ्ट हमखास राहते. आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव ठळक लिहिलेलं हवं. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव वर्षानुवर्षे तसंच असतं. नाव बदलता येईल अशी पट्टी कर.

ते नाव आता तुझं असणार आहे, म्हणून हे नीट वाच. तक्रार आल्यावर प्रभारी व्यक्तीने काही केलं नाही, तर जितक्या जणांनी गुन्हा केला तितक्यांचा दंड तिला. दंड दोनशे रुपयांपर्यंत असतो. पाच जण ओढत होते आणि तू डोळेझाक केलीस, तर हजार तुझ्या अंगावर. खासगी कार्यालयात संस्थाप्रमुख, मनुष्यबळ व्यवस्थापक किंवा प्रशासनप्रमुख यांना दंड करण्याचा अधिकार नियमांसोबतच्या यादीत दिला आहे. तुझ्या पदाचं नाव त्यात बसतं का, ते लेखी करून घे. पावतीपुस्तक आणि पैसे कुठे भरायचे याची रीत जिल्हा शासकीय रुग्णालयातल्या तंबाखू नियंत्रण कक्षात विचार. पावतीशिवाय एक रुपया घेऊ नकोस.

पण दंडावर फार विसंबू नकोस. या कामातल्या आम्ही लोकांनी बरीच वर्षं पावत्या मोजल्या आणि त्याला यश म्हटलं. त्याची मला आजही खंत आहे. पावत्या वाढणं म्हणजे लोक अजून आत ओढताहेत एवढंच. मोजायची ती थोटकं. रोज ठरलेल्या तीन वेळी ठरलेल्या चार जागा बघ: जिन्याची वळणं, स्वच्छतागृहाच्या खिडकीची कड, जनरेटरची मागची बाजू, पार्किंगचा खांब. आकडा वहीत लिही.

माणसाशी बोलायची रीत पहारेकऱ्यांना आधी शिकव. हातातल्या सिगारेटकडे बोट दाखवायचं नाही, तब्येतीचं बोलायचं नाही, आवाज चढवायचा नाही. ‘सर, ही इमारत धूम्रपानमुक्त आहे. बाहेर त्या बाजूला जागा केली आहे.’ एवढी दोनच वाक्यं. समोरचा ऐकत नसेल तर वाद न घालता वेळ, मजला आणि नाव नोंदवहीत लिहायचं आणि तुला कळवायचं. पुढचं तू बघायचंस. झाडणाऱ्या मावशींना सगळं माहीत असतं, पण त्यांचं नाव नोंदवहीत कधीही येता कामा नये. त्यांची नोकरी एका फोनवर जाते.

आता तू पत्रात जे लिहायचं टाळलंस ते. मोठ्या साहेबांची केबिन. तिथे काचेचा ॲशट्रे आहे, असं तू एका ओळीत म्हणालीस आणि लगेच विषय बदललास. केबिन ही कामाचीच जागा आहे. तिथला एसी बाहेरच्या हॉलशी जोडलेला आहे, आणि तिथे फाईल घेऊन जाणारा शिपाई आत श्वास घेतो. साहेबांच्या सवयीबद्दल एक अक्षर बोलू नकोस. जागेबद्दल बोल. नियम आणि फलकाचा मसुदा त्यांच्या सहीसाठी घेऊन जा आणि सही झाल्यावर म्हण, ‘सर, ॲशट्रे मी घेऊन जाऊ का?’ हे फलक लागण्याच्या आदल्या दिवशी व्हायला हवं. ॲशट्रे वर राहिला आणि जिन्यातल्या ऑफिसबॉयला पावती फाडलीस, तर तुझा नियम तिथेच संपला आणि तुझ्या हातून अन्यायही झाला. हे जमणार नसेल तर बाकीचं काही सुरूच करू नकोस. मी हे कठोरपणे लिहितोय, कारण इथे सोडलेली सूट पुढे कधीच परत मिळत नाही.

ज्यांना ओढायचं त्यांच्याशी मात्र मऊ रहा. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करणारे होते, आणि धूररहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. म्हणजे तुमच्या जिन्यात उभे राहणारे मोजकेच असतील. त्यांची नावंही तुला ठाऊक असतील. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली सिगारेट लागते, त्याचा सकाळी अकराचा त्रास खरा असतो. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात, पण एकेक तलफ काही मिनिटांत ओसरते. त्याला बाहेर जायला पाच मिनिटं दे, त्यावरून टोमणे नकोत. कोणी आपणहून सोडायचं म्हणालं, तर १८०० ११ २३५६ हा पाकिटावरच छापलेला मोफत क्रमांक दे. निकोटिनचं च्युइंगगम घेणार असेल तर एवढं सांग: साध्या गमसारखं चघळायचं नाही. हळू चावायचं, जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचं. भराभर चावलं की निकोटिन पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळ होते, आणि माणूस म्हणतो की उपयोग नाही. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं थांबायचं, कारण तोंडातल्या आम्लामुळे निकोटिन शोषलं जात नाही. आपल्याकडे गम आणि कटिंग एकाच वेळी चालू असतं, तिथेच फसतं. जास्त ताकदीचा गम डॉक्टरांना विचारून. आणि धूर बंद झाला म्हणून खिशात माव्याची पुडी येत नाही ना, तेवढं बघ. ई-सिगारेटच्या विक्रीवर २०१९ पासून बंदी आहे, तरी तुमच्या नियमात तिचं नाव वेगळं लिही. नाहीतर ‘यात तंबाखू कुठे आहे’ हा वाद पहिल्याच आठवड्यात येईल.

पहिला महिना बरा जाईल. मग धूर स्वच्छतागृहात सरकेल. तिथला एक्झॉस्ट वास लपवतो आणि शाफ्टमधून वरच्या मजल्याला देतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरक्षा एजन्सीची माणसं बदलतील आणि नव्यांना कोणीच काही सांगितलेलं नसेल. जिन्यात पुन्हा एखादी वीट दिसेल. तेव्हा घाबरून सगळ्यांना मेल पाठवू नकोस. नव्या पहारेकऱ्याला ती दोन वाक्यं शिकव आणि वीट उचल.

सोमवारी साहेबांकडे जाताना स्टोअररूमचा विषय त्यांनी काढलाच, तर तीस खोल्या आणि तीस खुर्च्यांचा नियम छापून हातात ठेव. त्याआधी अकरा, दीड आणि चार वाजता त्या बादलीतली थोटकं मोज. तीन दिवसांचे आकडे मला कळव. डोअर क्लोजरवाल्याला उद्याच फोन कर, तो आठवडाभर येत नाही.

तुझा,
सर